लोखंडे बाईंनी पाणी का नाकारलं

हिराबाई लोखंडे, प्राथमिक शिक्षिका, यांच्यावर अन्याय झाला तो चौऱ्याहत्तर साली, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. जागा : आमच्या गावातली चावडीपुढची विहीर. गाव रहिमतपूरच्या अंगाला आहे. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर बाकीची गावं आपण सुटलो म्हणून हात झटकतील.

अन्याय करणारे कुणी गावगुंड नव्हते. समतेची भाषणं करणारे, खादी घालणारे, आमच्याच संघटनेचे लोक होते. म्हणून राग जास्त आहे. चार वर्षं झाली, अजून उतरलेला नाही.

आता बाई कोण, ते सांगते.

बाई आमच्या गावच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या. बौद्ध वस्तीत राहायच्या, शाळेच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला. त्यांच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरातले देव ओढ्यात नेऊन सोडले, हे त्या वर्गात सांगायच्या. नवरा लष्करात होता, तो लवकर गेला. मूल नव्हतं. आवाज असा की चावडीपाशी बसलेली म्हातारी माणसंही पाढे ऐकून मनात म्हणायची. मी मराठ्याची, सुभेदाराची पोर. चौथीत त्यांच्या हाताखाली होते, आणि अजूनही बोलताना वाक्य अर्धं राहिलं की पाठीमागून कुणी रूळ उगारतंय असं वाटतं. कारण बाईंचा एकच हट्ट होता : पुरतं बोल.

"बाई, उशीर झाला."

"का झाला? पुरतं बोल."

"म्हशीला पाणी दावायला गेलते."

"मग तसं सांग. म्हशीची लाज वाटते काय तुला?"

मुलगी खोटं बोलली तर बाई एवढ्या चिडायच्या नाहीत, अर्धं बोलली तर चिडायच्या. अर्ध्या बोलण्यात ज्याचा त्याचा फायदा असतो, असं त्या म्हणायच्या. उरलेलं अर्धं ऐकणारा आपल्या सोयीनं भरतो.

त्यांच्या सवयी मी शाळा सोडल्यावर, सांगलीहून सुट्टीला आले की बघायची. मला वाटायचं, बाई बदलल्यात. तोंडात कायम लवंग. पूर्वी फिकट पातळं नेसायच्या, आता गडद जांभळी नाहीतर काळपट हिरवी. कुणाच्या घरी गेल्या तर जाजमावर, गादीवर बसायच्या नाहीत. जोत्यावर नाहीतर उंबऱ्याशेजारी दगडावर बसायच्या, दाराच्या तोंडाशी. खांद्याला कापडी पिशवी, ती कुणाला धरू द्यायच्या नाहीत. आणि पाणी प्यायच्या नाहीत.

ही पाण्याची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. पोरी शाळेत घाला म्हणून बाई मराठा आळीत घरोघर हिंडायच्या. पूर्वी त्या आल्या की वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी कपबशी निघायची. बाई ती बघायच्या आणि चहा नको म्हणायच्या. पण दुष्काळाच्या सालापास्नं त्या चांगल्या कपातलंही घेईनात. आमच्या चुलतीनं एकदा घरच्या पितळी पेल्यातून पाणी दिलं, म्हणजे तिच्या मतानं क्रांतीच केली. बाई म्हणाल्या, "राहू द्या वहिनी, तहान नाही." उन्हाळ्याचे दिवस, दोन मैल चालून आलेली बाई, ओठाला भेगा, आणि तहान नाही. चुलती दुखावली. त्या गेल्यावर म्हणाली, "लय ताठ हाय बया. आमी दिलं तरी घ्यायचं न्हाई व्हय?"

वस्तीत याच्या उलटं. तिथं म्हातारे मिशीवर हात फिरवत सांगायचे, "आमच्या हिरानं त्यांचं पाणी वर्ज्य केलंय. घोटभर घेत न्हाई." दोन्हीकडच्यांनी आपापल्या सोयीनं उरलेलं अर्धं भरलं. बाईंनी दोन्हीकडं तसंच राहू दिलं. ज्या बाईनं आम्हाला पुरतं बोलायला शिकवलं, ती स्वतः या एका बाबतीत अर्धंही बोलत नव्हती. बोलणार कुणापाशी? हेडमास्तरांपाशी?

त्या शाळेचं सांगते. तीन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं निवडुंगाचा बांध. बांधाच्या अलीकडं गुरुजी लोक भिंतीशी उभे राहून मोकळे व्हायचे. बाईमाणसाला, पोरींना कुठं जायचं? कुठंच नाही. घरी जाईपर्यंत थांबायचं. बाई सकाळच्या तासाला एकदा, पुन्हा एकदा वर्ग सोडून ओढ्याकडं जाऊ लागल्या. एकदा तपासणीला साहेब आले, नेमक्या तेव्हाच बाई वर्गात नाहीत. परत आल्यावर हेडमास्तर पोरांसमोर म्हणाले, "बाई, तुमची ओढ्यावर काय बागायत आहे काय?" साहेब हसले. पोरं हसली. बाईंनी खडू उचलला आणि फळ्याकडं वळल्या. त्या दिवसापासून त्या सकाळी घोटभरही न पिता शाळेत यायला लागल्या. हे मला नंतर कळलं. लवंग का, तेही. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटते, पाढे म्हणता येत नाहीत. लवंगेनं थोडी लाळ सुटते.

आता रविवार.

गावची विहीर वस्तीला मोकळी व्हायची होती. आमच्या संघटनेनं वर्षभर बैठका घेतल्या होत्या, सरपंच कसेबसे कबूल झाले होते. अध्यक्ष साताऱ्याचे वकील. बोलण्यात फार तेज. त्यांनी ठरवलं की पहिलं पाणी लोखंडे बाईंनी प्यायचं. वरून ओंजळीत ओतलेलं नाही, गावच्या तांब्याला तोंड लावून. सरपंचांच्या मंडळी शेंदून देतील, बाई उभं राहून घेतील, छायाचित्र निघेल. बाईंना विचारलं नाही. सांगितलं.

विहिरीपुढं व्यासपीठ केलं होतं. गाद्या, त्यावर परीटघडीच्या पांढऱ्या चादरी. बाईंना पुढं मधोमध बसवलं. त्या म्हणाल्या, "मी इथं कडेला, खुर्चीवर बसते." अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, कडेला बसायचे दिवस गेले." टाळ्या पडल्या. बाई गादीवर बसल्या. सभा नऊची होती, पाहुणे आले साडेदहाला. मग भाषणं. समाजवादावर झालं, बुद्धावर झालं, पाण्यावर तर प्रत्येकाचं झालं. मी खाली सतरंजीवर होते. बाईंच्या कपाळावर घाम होता, पौषातल्या थंडीत.

साडेअकराला सरपंचांच्या मंडळींनी पोहरा वर ओढला. खळखळ आवाज करत पाणी तांब्यात ओतलं. बाईंनी डोळे मिटले. तांब्या पुढं आला.

"घ्या बाई," सरपंच म्हणाले. "उठा. मंडळी वाट बघत्यात."

"नको."

"आवं घोटभर घ्या. रीत म्हणून."

"मी उठणार नाही," बाई म्हणाल्या. एवढंच. मान खाली.

मग मागं लिंबाखालनं एक आवाज आला, "गड्या, इतकी वर्सं त्यांना आपलं पानी द्यायचं न्हवतं. आता बाईलाच आपलं चालंना." मराठा आळी खो खो हसली. वस्तीतली माणसं खालमानेनं उठून गेली. अध्यक्षांनी बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते बाईंनी मला पुढं सांगितलं : "आमची वर्षाची मेहनत तुम्ही धुळीला मिळवलीत."

सगळे पांगले तरी बाई तशाच बसून. गडी गाद्या उचलायला आला, तर म्हणाल्या, "चादर मी धुऊन आणते." गडी बघतच राहिला. शिक्षिका कशाला चादर धुतीय? बाईंनी उठता उठता चादर अंगाभोवती ओढून घेतली, घडी केली आणि काखेत मारून ओढ्याची वाट धरली.

चार दिवसांत पत्रक निघालं. मीही पत्रकं लिहीत होते, त्यामुळं ती भाषा ओळखीची होती. बाईंना त्यात 'ऐनवेळी कच खाणाऱ्या', 'सरपंचांच्या ओसरीवर विकल्या गेलेल्या' म्हटलं होतं. नावानिशी. ते शाळेच्या व्हरांड्यात चिकटवलं गेलं. तिसरीची पोरं ते अक्षर लावून वाचत होती. वाचायला कुणी शिकवलं होतं, हे सांगायला नको.

आणि विहीर? सरपंचांनी दुसऱ्या आठवड्यात रहाटाचा दोर काढून नेला. म्हणाले, ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच नको. वस्तीतल्या बाया पुन्हा ओढ्यावर. जाता-येता त्या बाईंच्या दारात थुंकायच्या. बाईंची शेजारीण शेवंता, जी रोज त्यांच्याकडं भाजी देऊन जायची, ती तोंडावर म्हणाली, "एक घोट पानी जड झालं तुला? आमच्या डोईवरचा हंडा तू उतरवू दिला न्हाईस."

बाईंनी तिलाही काही सांगितलं नाही.

सांगायला लागलं ते चैत्रात, आणि मिरजेला. बाईंना हुडहुडी भरून ताप आला, कमरेत कळा, लघवीत रक्त. भावानं मिरजेच्या दवाखान्यात आणलं. मी सांगलीत कॉलेजला, म्हणून मला निरोप. कॉटच्या उशाशी एक डॉक्टरीण उभी होती, माझ्या आईच्या वयाची, करड्या आवाजाची. तिनं आधी विचारलं, "पाणी किती पिता?" मग पोटावरचा जुना व्रण बघितला. "पिशवी कधी काढली?"

"दुष्काळाच्या साली," भाऊ म्हणाला. "अंगावरनं लय जात होतं. त्या डॉक्टरांनी पिशवी काढली. म्हणाले, कटकट मिटली."

डॉक्टरणीनं जुने कागद वाचले आणि चष्मा काढला. "गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत. तुम्हाला सांगितलं होतं?"

बाई म्हणाल्या, "अंडाशय म्हणजे काय?"

जिनं शेकडो पोरांना पचनसंस्था शिकवली, तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात नव्हतंच. पुस्तकातलं माणसाचं शरीर बेंबीपाशी संपत होतं, आणि मांडीपासून पुन्हा सुरू होत होतं.

मग डॉक्टरणीनं जे सांगितलं ते मी इथं लिहिते, कारण ते प्रत्येक घरात वाचलं गेलं पाहिजे. अंडाशयातून एक रस रक्तात सुटतो. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात, मराठीत संप्रेरक. पाळी त्याच्यावर चालते, हे सगळ्यांना अंधुक ठाऊक असतं. पण लघवीची वाट आणि मूत्राशयाचं तोंड हीही त्याच रसावर जगतात. त्यामुळं तिथलं अस्तर ओलं, जाड, तजेलदार राहतं आणि वाट नीट मिटते. पाळी जाते तेव्हा तो रस हळूहळू आटतो. अस्तर पातळ होतं, आग होते, जंतू सहज शिरतात, एकाएकी इतकी घाई होते की दारापर्यंत पोचेपर्यंत दम निघत नाही. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की थेंब गळतात. बाळंतपणात खालचे स्नायू सैल झालेले असतील तर आणखी. अंडाशयंच काढली की हे सगळं हळूहळू नाही, एकदम येतं. सदतिसाव्या वर्षी बाईंना साठीतल्या बाईचं शरीर दिलं गेलं, आणि वर सांगितलं, कटकट मिटली.

"पाण्याचा आवाज आला की...?" बाईंनी पहिल्यांदाच आपणहून विचारलं.

"लगेच घाई होते. होणारच. मूत्राशय इशाऱ्यावर चालतं."

"आणि लोकांसमोर पांढऱ्या चादरीवर बसलेली असेन तर?"

डॉक्टरणीला त्या चादरीचं काही माहीत नव्हतं. मला होतं. मी बाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. पोहऱ्याचा आवाज, मिटलेले डोळे, 'मी उठणार नाही'. गडद पातळं, दगडावर बसणं, पिशवीतलं बदलायचं पातळ. पुरतं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं.

"मी पाणी तोडलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, गेलं नाही तर येणार नाही."

"सगळ्या बायका तेच करतात," डॉक्टरीण म्हणाली, आणि तिचा राग आमच्यावर नव्हता. "पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला आणखी चरचरते, जंतू साठतात. आता मूत्रपिंडापर्यंत गेलेत. पाणी प्यायचं, दिवसभर, थोडं थोडं. ठरावीक वेळानं जायचं. मलम देते, त्यात तोच रस आहे, आतून लावायचं. आणि व्यायाम. लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळता, तेच एरवी बसल्या जागी आवळायचे, धरायचे, सोडायचे. महिना-दोन महिने लागतील. पुरतं जाईल असं नाही, पण माणसात बसता येईल."

"ठरावीक वेळानं जायचं," बाई म्हणाल्या, "कुठं?"

डॉक्टरणीनं मलमाची चिठ्ठी लिहायला घेतली.

मी साताऱ्याला गेले. अध्यक्षांना सगळं सांगितलं. बाईंनी परवानगी दिली नव्हती छापायची, पण पत्रक मागं घ्या एवढं म्हणायला काय परवानगी लागते? वकीलसाहेब टेबलावर बोटं वाजवत बसले. म्हणाले, "वाईट वाटतं. पण चळवळीच्या पत्रकात लघवी आणायची का आता? मूळ प्रश्न बाजूला पडेल."

मी विचारलं, "मूळ प्रश्न कुठला?"

"पाणी."

"प्यायलेलं पाणी जातं कुठं, साहेब?"

ते म्हणाले, मी भावनेच्या भरात आहे. पत्रक आजतागायत मागं घेतलेलं नाही. पाणवठ्याच्या प्रश्नावर वर्षभर बैठका झाल्या, त्यात एकाही पुरुषाला सुचलं नाही की बाईच्या दृष्टीनं पाण्याचा प्रश्न अर्धा विहिरीवर असतो आणि अर्धा आडोशाला. अर्धंच बोलले सगळे. उरलेलं अर्धं बाईच्या अंगावर ढकललं.

बाई परत आल्या आणि पहिलं काम केलं ते शेवंताला बोलावण्याचं. दोघी दार लावून बसल्या. दार उघडलं तेव्हा शेवंता रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "मला वाटलं हे फकस्त मलाच हाय." शेवंताच्या पोटाला सहा पोरं.

त्यानंतर बाईंनी दुपारचा बायकांचा वर्ग काढला, साक्षरतेचा. आधी वस्तीतल्या आल्या, मग चोरून मराठा आळीतल्या. माझी आईही गेली. ती शिंक आली की पायात पाय घालून उभी राहायची, मी लहानपणापासून बघत होते, मला ती सवय वाटायची. वर्गात बाई मुळाक्षरं शिकवायच्या. "अ म्हटलं की आवळायचं. ऊ पतूर धरायचं. मग सोडायचं. चला." आणि पंचवीस-तीस बायका, कुंकवाच्या आणि बिनकुंकवाच्या, एका सुरात : अ, आ, इ, ई, उ, ऊ. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय शिकायची हौस.

एकदा माळ्याची म्हातारी म्हणाली, "बाई, मला ई पतूर जमतंय. उ ला सुटतंय."

"सुटू दे. पुढच्या महिन्यात ऊ ला सुटंल."

"आन औ कवा यायचा?"

"औ पतूर आलीस की आजे, तुला सरपंच करू."

बायका इतक्या हसल्या की बऱ्याच जणींना उठून बाहेर जावं लागलं. परत आल्यावर पुन्हा हसल्या. विहिरीचा दोर कसा आला, हे विचारत असाल तर, त्या उन्हाळ्यात याच बायकांनी घरून आपला दोर आणला आणि पाणी शेंदायला लागल्या. दोन्ही आळींतल्या. छायाचित्र निघालं नाही. अध्यक्ष नव्हतेच.

बाईंनी शाळेमागं बायका-पोरींसाठी मुतारी मागितली. सभेत, हेडमास्तरांसमोर, तोंडानं शब्द उच्चारून मागितली. तिचं उत्तर म्हणजे बदली. माण तालुक्यात, जिथं प्यायलाच पाणी नाही.

शेवटचं भेटले ते यंदा, मार्गशीर्षात. दहिवडीला गेले होते, परत साताऱ्याला निघाले तर बाई त्याच गाडीत. केस पांढरे झालेले. पातळ फिकट निळं. मांडीवर फिरकीचा तांब्या. तोंडात लवंग नव्हती. मी म्हटलं, बाई, तुमच्यावर लिहू का? त्यांनी तांब्याची फिरकी उघडली, सावकाश पाणी प्यायल्या, फिरकी लावली. "लिही. पण पुरतं लिही."

पुसेगावच्या अलीकडं, उजाड माळावर, त्या उठल्या आणि पुढं गेल्या.

"कंडक्टर, गाडी थांबवा."

"इथं स्टॉप न्हाई बाई."

"मला लघवीला जायचंय."

मागच्या बाकावरची दोन तरणी पोरं फिसकन हसली. बाई वळल्या. वर्गात वळायच्या तशाच. "हसायला काय झालं रं? तुझी आई जात न्हाई?"

कंडक्टरनं दोरी ओढली. बाई उतरल्या, बाभळीच्या झुडपाकडं चालू लागल्या. मग तिसऱ्या बाकावरची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उठली. मग एक पोटुशी. मग लेकराला नवऱ्याच्या मांडीवर टाकून एक तरणी. मग आणखी. बायकांच्या बाकांवर कुणी उरलं नाही. सगळ्यांत शेवटी मी उठले, तेव्हा खिडकीतून दिसत होतं, पुढं बाईंचं निळं पातळ, आणि मागं सगळ्या जणी माळावरून चालल्यात, घाई न करता.

ज्यांनी त्या पत्रकावर सह्या केल्या त्यांनी ते मागं घ्यावं, नावानिशी, जसं काढलं तसं. ते त्यांचं काम. तुमचं काम वेगळं आहे. उद्या सकाळी आपल्या गावच्या शाळेमागं जा, बाजारात जा, पाणवठ्यावर जा, आणि बाईनं जायची जागा शोधा. सापडली नाही तर ग्रामपंचायतीत जाऊन बसा, त्यांच्या पांढऱ्या चादरीवर. बांधून देईपर्यंत उठू नका.